अकरा वाक्यं

“सहा वाजता,” काकू म्हणाल्या. “सहा म्हणजे सहा. सव्वासहा नव्हे, ‘आलोच’ नव्हे, ‘एवढं एक कुलूप उघडतो नि निघतो’ नव्हे.”

“सहा,” चावीकाका म्हणाले. ते चहा पिता पिता एका नव्या किल्लीचे दात खिडकीच्या उजेडात धरून तपासत होते. म्हणजे तोंडाला काम होतं, डोळ्यांना काम होतं, कान तेवढे रिकामे होते. निदान काकूंनी तसं समजायला हरकत नव्हती.

“पुढची रांग, मधली खुर्ची. तिच्यावर कागद चिकटवायला सांगितलाय मी, राखीव म्हणून. बाकी सगळ्यांचे नवरे मागे बसणार. तुम्ही एकटेच पुढे. का, माहितीये?”

“मला लांबून नीट दिसत नाही म्हणून?”

“मागे बसलात की तुम्ही मागच्या मागे पळता म्हणून.”

ते खरं होतं, म्हणून काकांनी किल्ली पुन्हा उजेडात धरली.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून सभासदांचं नाटक बसवलं होतं आणि त्यात काकूंना काम मिळालं होतं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा. काम छोटं होतं, एकूण अकरा वाक्यं. पण त्या अकरा वाक्यांनी दोन महिने घर डोक्यावर घेतलं होतं. काकू ती फ्रिजसमोर म्हणत, कपडे वाळत घालताना म्हणत, झोपेतही म्हणत. “कसं झालं?” असं त्या काकांना विचारत आणि काका आतल्या खोलीत किल्ली कापायच्या यंत्राच्या घर्रघर्रीतून “छान” म्हणून ओरडत. एकदा काकूंनी “गॅस बंद केलात का?” असं विचारलं होतं, तेव्हाही ते “छान” म्हणून ओरडले होते. तेव्हापासून काकूंनी विचारणं सोडून दिलं. नाटकाची गोष्ट काय, काकू त्यात कोण, हे काकांना ठाऊक नव्हतं. अकरा हा आकडा मात्र पाठ होता.

आता चावीकाका वाईट माणूस होते असं कुणी समजू नये. उलट गावात त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नव्हता. तीस वर्षं कुलपं उघडून त्यांनी कामाची एक पद्धत बसवली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. फोन आला की ते चार प्रश्न विचारत. आत गॅस चालू आहे का? आत लहान मूल आहे का? आत कुणाचं औषध राहिलंय का? अडकलेल्या माणसाला पाणी मिळतंय का? पहिल्या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आणि चौथ्याचं ‘हो’ आलं, की तो माणूस थांबू शकतो. मग तो कितीही मोठा असो. एकदा खुद्द बँकेचे मॅनेजर स्वतःच्या केबिनमध्ये दीड तास बसून राहिले होते, कारण त्यांच्याजवळ पाण्याची बाटली होती.

या पद्धतीत एकच खोट होती. घर त्यात कुठेच बसत नव्हतं. घरात मूल होतं पण त्याच्याजवळ आई होती, पाणी होतं, गॅस वेळेवर बंद व्हायचा. त्यामुळे घर नेहमी थांबू शकत होतं. मुलीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला काका पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. काकांनी त्याला दोन खुर्च्या उचलायला मदत केली, तेवढाच त्यांचा सहभाग. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते पट्टी बांधून झाल्यावर पोचले, आणि काकूंना दिसत नसल्यामुळे “मी मघापासून इथेच आहे” असं म्हणाले. नर्सने लगेच सांगून टाकलं.

आणि बाथरूमचं दार. त्याचा खटका सात महिन्यांपूर्वी बिघडला होता. आतली मूठ नुसतीच गरगर फिरायची, खटका काही मागे सरायचा नाही. “अहो, एवढं बघा,” असं काकूंनी पहिल्या महिन्यात रोज सांगितलं, दुसऱ्या महिन्यात आठवड्याला, आणि मग स्वतःच तोड काढली. दार पूर्ण लावायचंच नाही, फटीत पायपुसणं अडकवायचं. पाहुण्यांनाही त्या तसंच समजावून सांगत. कुलूप दुरुस्त करणाऱ्याच्या घरात हे समजावताना त्यांना काय वाटत असेल, ते त्यांचं त्यांना माहीत.

तर त्या दिवशी काकांनी खरोखरच मनावर घेतलं. सकाळी काकू चहाचे कप उचलताना सहज म्हणाल्या होत्या, “आज नाही आलात तरी मी रागावणार नाही हां. आता सवय झालीये.” रागावल्या असत्या तर काकांना काही वाटलं नसतं, पण हे वाक्य दुकानात दिवसभर त्यांच्या छातीवर बसून राहिलं.

बरोबर चार वाजता त्यांनी दुकान बंद करायला घेतलं. एवढ्यात एक गृहस्थ तिजोरीची किल्ली घेऊन आले.

“आज नाही जमणार,” काका म्हणाले. “घरचं काम आहे.”

गृहस्थांचा चेहरा पडला. “अरेरे. कोण गेलं?”

“कुणी नाही. नाटक आहे.”

“नाटक,” गृहस्थ म्हणाले आणि काकांकडे काळजीने पाहत निघून गेले.

काकू तीनलाच हॉलवर गेल्या होत्या. काका घरी आले, आत शिरले आणि तीस वर्षांच्या सवयीने पुढच्या दाराला आतून कुलूप लावलं. हे कुलूप म्हणजे त्यांची आयुष्यभराची कमाई होती. तीन जिभांचं, स्वतःच्या हाताने घडवलेलं. किल्लीशिवाय बाहेरून हे उघडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पलंगावर काकूंनी इस्त्री करून ठेवलेला निळा शर्ट होता. वेळ भरपूर होता. मस्त गरम पाण्याने अंघोळ करावी, दाढी करावी, माणसासारखं माणूस होऊन जावं, असा विचार करून ते बाथरूममध्ये गेले आणि दार लोटलं.

दार खट्ट करून लागलं.

त्या आवाजासरशी काकांनी खाली पाहिलं. पायपुसणं नव्हतं. नाटकानंतर मंडळी घरी येणार म्हणून काकूंनी सकाळीच ते धुऊन गच्चीवर वाळत टाकलं होतं. काकांनी मूठ फिरवली. मूठ आनंदाने गरगर फिरली.

“ठीक आहे,” काका स्वतःशी म्हणाले. “आपण कोण आहोत? आपण कुलूपवाले आहोत.”

कुलूपवाल्याच्या अंगावर एक टॉवेल होता आणि अवजारांची पिशवी बाहेर खुंटीला होती. त्यांनी आधी स्वतःचा दात घासायचा ब्रश फटीत घालून खटका सरकवायचा प्रयत्न केला. ब्रश मोडला. क्षणभर विचार करून त्यांनी काकूंचा ब्रश घेतला. तोही मोडला. कंगव्याचे सहा दात गेले. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. खांदा मारून पाहिला, पण दार भरीव लाकडाचं होतं. नवीन घर घेताना सुतार हलकं दार बसवत होता, तेव्हा त्याच्याशी भांडून काकांनीच ते बसवून घेतलं होतं. त्यांचा खांदा दुखायला लागला आणि दार होतं तसंच राहिलं.

मग त्यांनी आरडाओरडा सुरू केला. बाथरूमला वर एक झडपेची खिडकी होती, तिच्याखाली बादली पालथी घालून ते चढले आणि हाका मारू लागले. वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरचे पोस्टमनभाऊ मागच्या अंगणात झाडांना पाणी घालायला आले. ते निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण कुठलीही गोष्ट पूर्ण पत्त्याशिवाय पुढे सरकवायची नाही ही सवय गेली नव्हती.

“कोण ओरडतंय?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“अहो, मी. वरचा. चावीवाला.”

“कुठून बोलताय?”

“बाथरूममधून. आत अडकलोय मी.”

पोस्टमनभाऊंनी पाण्याची झारी खाली ठेवली. “अडकलात म्हणजे दार उघडत नाहीये?”

“नाही उघडत.”

“तुम्हाला?”

काकांनी दातओठ खाल्ले. “भाऊ, नंतर हसा. आधी वर या.”

पोस्टमनभाऊ वर आले, पुढचं दार ढकलून पाहिलं आणि परत अंगणात आले. “पुढचं दार आतून बंद आहे.”

“माहितीये मला. मीच लावलंय.”

“ते बाहेरून उघडतं का?”

“नाही,” ते म्हणाले. “किल्लीशिवाय ते कुणालाच उघडत नाही, आणि दोन्ही किल्ल्या आत आहेत.”

“मग काळजी करू नका,” पोस्टमनभाऊ म्हणाले. “मी कुलूपवाल्याला फोन लावतो.” आणि त्यांनी खिशातून फोन काढून, चष्मा लावून, जपून ठेवलेला नंबर लावला. घराच्या बाहेरच्या खोलीत काकांचा फोन वाजायला लागला. काकांना तो बाथरूममध्ये स्पष्ट ऐकू आला.

“उचलत नाहीयेत,” पोस्टमनभाऊ खालून म्हणाले. “दुकान बंद करून गेलेत वाटतं कुठे तरी.”

“भाऊ, तो माझा फोन आहे.”

पोस्टमनभाऊंनी फोनकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “हो की,” ते म्हणाले. “म्हटलं, नाव ओळखीचं वाटतंय.”

गावात दुसरा कुलूपवाला एकच होता आणि त्याचं नाव काढायचं म्हणजे काकांच्या जिवावर आलं होतं. तो त्यांचाच जुना चेला. आता चांगला चाळिशीचा होता. बारा वर्षं काकांच्या हाताखाली काढून त्याने पुढच्या चौकात स्वतःचं दुकान टाकलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. पण सव्वापाच होत आले होते. काकांच्या डोळ्यांसमोर पुढच्या रांगेतली मधली खुर्ची आली आणि त्यांनी अभिमान गिळला.

“चेल्याला लावा,” ते म्हणाले. “आणि मोठ्या आवाजात ठेवा, मला ऐकू येऊ दे.”

चेल्याने फोन लगेच उचलला.

“एक जण बाथरूममध्ये अडकलेत,” पोस्टमनभाऊंनी सांगितलं.

“आत गॅस चालू आहे का?”

“नाही.”

“लहान मूल?”

“नाही. वय साठ.”

“औषध वगैरे?”

“औषध लागतंय का?” पोस्टमनभाऊंनी वर विचारलं.

“नाही, नाही लागत,” काका खिडकीतून ओरडले. पुढचा प्रश्न कुठला येणार, हे त्यांना अर्थातच माहीत होतं.

“पाणी मिळतंय का माणसाला?”

“पाणी तर भरपूर,” पोस्टमनभाऊ कौतुकाने म्हणाले. “गरम, गार, दोन्ही.”

“मग थांबू शकतात ते. माझ्याकडे दोन कामं आहेत आधी. पावणेसहाला येतो.”

“अरे गधड्या,” काका वरून ओरडले, “मी आहे आत. ताबडतोब ये.”

फोनवरून चेल्याचा आवाज आला, अगदी आदराचा. “उस्ताद? तुम्ही का? नमस्कार. तुमचीच पद्धत आहे, उस्ताद. बँकेच्या मॅनेजरलासुद्धा आपण सोडलं नव्हतं, आठवतंय? पावणेसहाला येतो.”

पालथ्या बादलीवर बसून काकांनी पुढचा अर्धा तास काढला. त्यांनी दाढी केली. नखं साफ केली. बाहेर फोन दोनदा वाजून बंद झाला. काकू असणार, वेशभूषा चढवून विचारत असतील, निघालात का. तिसऱ्यांदा फोन वाजलाच नाही. काकांना त्याचं जास्त वाईट वाटलं. आले नाहीत, म्हणजे कुठलं तरी कुलूप सापडलं असेल, एवढंच काकू मनात म्हणणार होत्या. घरच्याच दाराने आपल्याला अडवलंय आणि तेही त्यांचंच नाटक बघायला निघालो असताना, हे कुणी शपथेवर सांगितलं तरी त्या विश्वास ठेवणार नव्हत्या.

पावणेसहाला चेला आला. पुढच्या दारापाशी त्याची खुडबूड सुरू झाली तेव्हा काकांच्या मनात एक विचित्र रस्सीखेच चालली होती. दार उघडावं असं वाटत होतं आणि उघडू नये असंही वाटत होतं.

“उस्ताद,” बाहेरून आवाज आला, “तेच का हे, तीन जिभांचं?”

“तेच. मधली जीभ आधी धर. घाई करू नकोस. अर्धा तास तरी...”

“उघडलं,” चेला म्हणाला. तो आता बाथरूमच्या दारापाशी उभा होता.

चार मिनिटंही झाली नव्हती. काकांनी टॉवेल जरा घट्ट करून घेतला.

“आता हे काय, दोन मिनिटांचं काम,” चेला म्हणाला आणि त्याला चाळीस मिनिटं लागली. कारण खटका आतल्या आत तुटून वाकडा बसला होता. मग बिजागऱ्या काढायच्या ठरल्या, तर त्यांचे स्क्रू रंगात बुडालेले. मागच्या वर्षी काकांनी स्वतःच दार रंगवलं होतं आणि कुठे स्क्रू, कुठे लाकूड असा भेदभाव केला नव्हता. चेला एकेक स्क्रू खरवडत होता, पोस्टमनभाऊ बॅटरी धरून उभे होते आणि काका आतून सूचना देत होते.

“डावीकडून घे.”

“डावीकडूनच घेतोय.”

“कुणाच्या डावीकडून?”

“उस्ताद, केव्हाचं बिघडलंय हे?”

काका नळ सोडून तोंड धुवायला लागले.

“सात महिने झाले,” पोस्टमनभाऊंनी माहिती पुरवली. “वहिनी सांगत होत्या. आम्हीही आलो की पायपुसणं लावूनच जातो.”

दार निघालं तेव्हा साडेसहा झाले होते. काकांनी कुणाकडेही न पाहता धाव घेतली, निळा शर्ट चढवला, बटणं एक घर सोडून लावली आणि खाली येऊन चेल्याच्या स्कूटरवर बसले. “हॉलवर घे,” ते म्हणाले. “काकूचं नाटक आहे.”

“काकूंचं?” चेल्याने रागाने त्यांच्याकडे पाहिलं. बारा वर्षं तो काकूंच्या हातचं जेवला होता. “मग हे फोनवर नाही का सांगायचं? सगळी कामं टाकून आलो असतो की.”

“पद्धतीत बसत नव्हतं ते,” काका म्हणाले. आपण काय बोललो, हे त्यांना बोलल्यावर कळलं.

हॉलचं पुढचं दार बंद होतं. दारावरचे गृहस्थ म्हणाले, एकदा नाटक सुरू झालं की कुणाला सोडायचं नाही, असं ग्रंथपालांनी बजावलंय. नाटक ग्रंथपालांनीच बसवलं होतं. मध्यंतर आहे का, तर नाही. माझी बायको आहे आत, तर सगळ्यांच्याच आहेत. हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. काका चेल्याच्या पिशवीतून एक बारीक तार घेऊन हॉलच्या मागे धावले. मागच्या दाराला साधं कुलूप होतं, ते त्यांनी वीस सेकंदांत उघडलं. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.

आत मिट्ट काळोख होता. दोऱ्या, फळ्या, कुणाच्या तरी चपला. काका चाचपडत पुढे सरकत होते, इतक्यात त्यांना दार ठोठावल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज.

“उघडा, मी आलेय.”

काका जागच्या जागी थिजले. समोर, अंधारात, एक दार होतं. त्याला त्यांच्या बाजूने कडी होती.

“आतून आवाज येतोय मला. तुम्ही आहात आत.” पुन्हा ठोठावणं, आणि काकूंचा आवाज कातर झाला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तसा आवाज ऐकला नव्हता. “एकदा तरी उघडा, पुन्हा नाही सांगणार.”

दुसरा कुणी असता तर त्याला कळलं असतं. पण दुसरा कुणी संध्याकाळभर बंद दारामागे बसलेला नव्हता आणि दुसऱ्या कुणी तीस वर्षं हेच एक काम केलेलं नव्हतं. दारापलीकडे माणूस आहे, माणूस अडलाय, आणि तो माणूस आपली बायको आहे. काकांनी चार प्रश्नांतला एकही विचारला नाही. कडी काढली आणि दार सताड उघडलं.

भपकन तोंडावर दिव्यांचा उजेड आला. समोर काकू होत्या, पांढरे केस लावलेल्या, हात ठोठावण्यासाठी वर उचललेला. त्यांच्या मागे तीनशे माणसं बसली होती आणि पुढच्या रांगेत, अगदी मध्ये, एक रिकामी खुर्ची होती.

गोष्ट अशी होती, की हे दार उघडायचंच नव्हतं. सगळं नाटक त्यावरच होतं. आयुष्यभर कामात बुडालेल्या नवऱ्याचं दार म्हातारी ठोठावते, ते उघडत नाही, आणि ती बंद दाराला शेवटचं वाक्य सांगून निघून जाते. पडद्याआडून ग्रंथपालांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज काकांनासुद्धा ऐकू आला. ओले केस, वाकडी बटणं, हातात तार, असे ते उंबऱ्यात उभे होते.

काकूंनी हात खाली घेतला. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या गोंधळल्या नाहीत, हसल्या नाहीत. दोन महिने घोकलेलं अकरावं वाक्य त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हटलं.

“आता उघडलंत तरी मी आत येणार नाही.”

आणि वळून निघून गेल्या.

हॉलमध्ये टाळ्यांचा जो कडकडाट सुरू झाला, तो पडदा पडला तरी थांबेना. काका मात्र तिथेच उभे होते. ते वाक्य नाटकातलं होतं की त्यांच्यासाठी होतं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

पाच मिनिटांनी ग्रंथपाल तावातावाने त्यांच्यावर चालून आले. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं...” एवढं ते म्हणतात न म्हणतात तोच मागून वाचनालयाचे अध्यक्ष आले आणि त्यांनी ग्रंथपालांचा हात हातात घेतला.

“काय शेवट केलात हो. दार उघडतं, आणि तरी ती जाते. अंगावर काटा आला. आणि तो नवरा, काय चेहरा, काय ते भिजलेपण. कुठे मिळाला हा नट?”

ग्रंथपालांनी एकदा काकांकडे पाहिलं. “बरेच दिवस मनात होतं आमच्या,” ते म्हणाले. “मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं.”

काकू आतल्या खोलीत आरशासमोर बसून पांढरे केस उतरवत होत्या. काका दारात जाऊन उभे राहिले. बाथरूमची सगळी हकीकत त्यांनी एका दमात सांगितली. मोडलेले ब्रश, चेला, स्क्रू, काहीच लपवलं नाही. काकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“किती वाक्यं ऐकलीत?” त्यांनी विचारलं.

‘सगळी’ हा शब्द काकांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो परत गिळला. “शेवटचीच. दार ठोठावलंस तिथपासून.”

“म्हणजे आधीची सहा गेली.”

“गेली. पण खरं सांगू का, तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, तू खरंच बाहेर उभी आहेस. मला नाटकबिटक काही सुचलं नाही.”

काकू आरशातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून हेअरपिना मोजायला लागल्या. डोळे पुसायचे असले की त्या असंच काहीतरी काम काढत. “बटणं नीट लावा,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ग्रंथपाल आत आले. शेजारच्या गावाहून बोलावणं आलं होतं, पुढच्या रविवारी प्रयोग, शेवट मात्र आज होता तसाच हवा. “काका, दारामागे तुम्ही पाहिजेच.”

“छे,” काका म्हणाले. “मी आता पुढच्या रांगेत बसणार. मधल्या खुर्चीत. पहिल्या वाक्यापासून.” हे म्हणताना त्यांचा ऊर भरून आला होता आणि शाबासकीच्या अपेक्षेने ते काकूंकडे पाहत होते.

“त्यांना दारामागेच ठेवा,” काकू म्हणाल्या. “खुर्चीतून माणूस उठून जातो. दारामागे बसवला की माझी एन्ट्री होईपर्यंत हलता येत नाही.”

आतापर्यंत सव्वीस प्रयोग झालेत. दर रविवारी दुपारी दोनला काका दुकान बंद करतात, त्या वेळी अडलेले लोक चेल्याकडे जातात, आणि चेला त्यांना चार प्रश्न विचारतो. नाटक अजूनही काकांनी पाहिलेलं नाही. काकू पहिल्या प्रवेशात कशा चालतात, कशा बसतात, सहाव्या वाक्याला लोक का हसतात, हे त्यांना माहीत नाही, आणि याची त्यांना मनापासून हळहळ वाटते. ते काळोखात स्टुलावर बसून सगळी अकरा वाक्यं ऐकतात. मग कडी काढतात. उजेडात काकू दिसतात आणि म्हणतात, “आता उघडलंत तरी मी आत येणार नाही.” सव्वीस वेळा ऐकूनही काकांचा चेहरा दर वेळी पहिल्या दिवशीसारखाच पडतो. लोक म्हणतात, काय काम करतो हा माणूस.

प्रयोग संपला की दोघं घरी येतात. जिना चढून वर आलं की काका किल्ली काढतात, दार उघडतात आणि बाजूला होऊन उभे राहतात. काकू पिशवी दुसऱ्या हातात घेतात, थोडं थांबतात, आणि आत जातात.